ब्लोहोल बघायला जाताय? आधी वीस मिनिटं नुसता खडक बघा

प्रश्न काय आहे ते आधी सांगतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतले एक गृहस्थ मे महिन्यात हवाईला भावाकडे चाललेत, बरोबर बायको, १० वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. भावानं ओआहू बेटावरच्या हालोना ब्लोहोलचा व्हिडिओ पाठवला, खडकातनं कारंज्यासारखं पाणी उडतंय, आणि आता पोरगं म्हणतंय मला त्या पाण्यात भिजायचंय. तर ते विचारतायत की कधी गेलं की हमखास दिसतं, किती जवळ जाता येतं, आईला झेपेल का, आणि असलं काही आपल्या कोकणात आहे का.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देतो. नाही. भिजायचं असेल तर राधानगरीला पावसाळ्यात धबधबे आहेत, तिथं मनसोक्त भिजव त्याला, ब्लोहोलच्या पाण्यात भिजायचं नाही. का नाही ते खाली सविस्तर येतंच.

मी कोल्हापुरात भूगर्भशास्त्र शिकवत होतो, २८ वर्षं, आणि दरवर्षी पोरांना घेऊन कोकणातल्या खडपांवर हिंडायचो, त्यामुळं समुद्र आणि काळा दगड एकत्र आले की काय काय होतं ते बऱ्यापैकी जवळनं बघितलंय. हवाईला एकदाच गेलोय, नऊ दिवस, त्यात हालोनाला दोनदा. मॉरिशसला दोन वेळा. तेव्हा जे बघितलंय आणि जे शिकवलंय तेवढंच सांगतो.

ब्लोहोल म्हणजे काय हे एकदा नीट समजलं ना, की कुठं उभं राहायचं हे कुणी सांगावं लागत नाही, म्हणून तिथनं सुरू करतो. ज्वालामुखीचा रस वाहत खाली येतो तेव्हा तो वरनं आधी गार होतो, वर साय धरते तशी कडक पापुद्र्याची पाठ तयार होते आणि आतनं रस वाहतच राहतो. मागनं येणारा रस थांबला की आतला उरलासुरला वाहून जातो आणि मागं पोकळ नळी राहते, तिला लाव्हा ट्यूब म्हणतात. अशी नळी समुद्राच्या कडेला उघडी पडली, किंवा नळी नसली तरी दगड गार होताना आकसून पडलेली एखादी मोठी भेग असली, की लाटा तिच्यात घुसायला लागतात. हजारो वर्षं तिथंच आपटून आपटून आत गुहा होते. मग कधीतरी त्या गुहेच्या छपराला आतल्या टोकाला भोक पडतं. झालं, ब्लोहोल तयार.

आता बहुतेकांना वाटतं की लाट आत जाते आणि भोकातनं वर येते, नळाचं पाणी पाइपातनं यावं तसं. तसं नाही. लाट गुहेच्या तोंडाशी आली की तोंड बंद होतं आणि आतली हवा कोंडते. पाणी पुढं सरकत राहतं, हवा दाबली जाते, तिला जायला वाट एकच, ते वरचं बारीक भोक. त्यामुळं आधी हवा सुटते, मोठ्यानं, आणि तिच्याबरोबर पाण्याचे तुषार. हा सगळा हवेचा खेळ आहे, पाणी नुसतं तिच्या मागनं येतं. म्हणून ब्लोहोलचा आवाज फवाऱ्याच्या आधी येतो, आणि समुद्र शांत असला तर नुसता आवाजच येतो, खोल, घशातनं काढल्यासारखा, भल्या पहाटे साखर कारखान्याचा भोंगा लांबनं ऐकू यावा तसा.

रत्नागिरीच्या वरच्या अंगाला एका खडपावर मी पोरांना हे करून दाखवायचो. कातळात बोटभर रुंदीची चीर आहे, समुद्र तिथनं पंधरा-वीस पावलं लांब. चिरेवर वाळलेलं पिंपळाचं पान ठेवायचं आणि गप्प बसायचं. खाली लाट आली की पान हातभर उडतं, आणि लाट परतली की ते पान परत चिरेवर येऊन चिकटतं. चिकटतं, म्हणजे अक्षरशः खाली ओढलं जातं, बोटानं सोडवायला लागतं. पोरं उडणारं पान बघून टाळ्या वाजवायची, आणि मी म्हणायचो उडण्याचं सोडा रे, चिकटतंय कसं ते बघा.

ती चिकटण्याची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची आहे. लोहाराचा भाता बघितला असेल तुम्ही, दाबला की फुंकतो आणि उचलला की हवा आत ओढतो. ब्लोहोल हा असाच भाता आहे. लाट परतते तेव्हा गुहेत पोकळी होते आणि तेच भोक जे आत्ता तीस फूट पाणी उडवत होतं ते आता वरचं पाणी, वाळू, जे काही आजूबाजूला असेल ते आत खेचतं. माणूस उभा असेल भोकाजवळ, फवारा अंगावर घेतोय, पाय ओले, दगड गुळगुळीत, तर वरनं येणाऱ्या पाण्यानं तो आडवा होतो आणि परतीच्या ओढीत भोकाकडं जातो. हवाईतच माउई बेटावर नाकालेले नावाचा ब्लोहोल आहे, तिथं २०११ मध्ये एक पर्यटक असाच फवाऱ्यात भिजत उभा होता, लाटेनं पाडलं आणि भोकात गेला. घरचे-मित्र बघत होते. शरीर मिळालं नाही. हालोनालाही माणसं गेलेली आहेत. आत गेलेला माणूस पोहणारा असला तरी उपयोग नाही कारण आत अंधार, दर दहा-बारा सेकंदाला लाट, आणि भिंती खरवडून काढणाऱ्या. म्हणून म्हटलं पोराला भिजायचं नाही.

मग किती लांब उभं राहायचं? ह्याला कुणी फुटात उत्तर देत असेल तर ऐकू नका. लाट आज कुठवर येईल हे आकड्यात नसतं, खडकावर लिहिलेलं असतं. मी हे शिकलो ते जरा लाज वाटावी अशा पद्धतीनं. पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका ट्रिपला मी पोरांना एका उंच सपाट कातळावर डबे उघडायला बसवलं, पाण्यापासून चांगलं लांब, ऊन पडलेलं, कोरडं ठक्क. तिथल्या एका खळग्यात पाणी साचलेलं होतं, एका पोरीनं हात धुवायला ओंजळ बुडवली, तोंडावर मारलं आणि म्हणाली सर हे खारट आहे की हो. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पाऊस डिसेंबरात पडलेला नव्हता, मग एवढ्या वर खारं पाणी आणलं कुणी? दहा मिनिटांनी एक लाट आली, बाकीच्यांपेक्षा दुप्पट, आणि आमचे चार डबे, एक हॅवरसॅक आणि माझा चष्मा घेऊन गेली. माणूस एकही नाही गेला, ते नशीब. त्यानंतर दरवर्षी पहिला धडा हाच, खळग्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचं. गोडं लागलं, त्यात बेडकाची पिल्लं वळवळतायत, म्हणजे पावसाचं पाणी, समुद्र इथं सहसा येत नाही. खारट लागलं किंवा खळगा वाळून कडेला मिठाची पांढरी रेघ धरलीय, तर समुद्र इथं येऊन गेलाय आणि परत येणार, डबा उचला आणि वर सरका.

जीभ लावायची नसेल तर डोळ्यांनीही कळतं. अगदी खाली कालवं आणि शिंपल्या चिकटलेल्या पट्ट्यात रोज भरती येते. त्याच्यावर काळपट-हिरवा शेवाळाचा पट्टा, तिथं पाय ठेवलात तर साबणावर ठेवल्यासारखं. त्याच्या वर दगड कोरडा पण काहीच उगवलेलं नाही, गवताची काडीसुद्धा नाही, तिथं मोठ्या लाटा येतात. गवत, झुडूप जिथं सुरू होतं तिथं तुम्ही. आणि हे सगळं बघायला वीस मिनिटं द्यायची, गाडीतनं उतरून लगेच पुढं जायचं नाही. लाटा गटागटानं येतात, पाच-सात बारक्या, मग दोन-तीन मोठ्या, मग परत शांत. शांत वेळेत आलेला माणूस समजतो की समुद्र असाच आहे, आणि खाली उतरतो. बहुतेक अपघातांत हेच असतं, मूर्खपणा नसतो, वेळ दिलेला नसतो.

आता हालोना. वायकीकीपासून गाडीनं साधारण अर्धा तास, बेटाच्या आग्नेय टोकाला, हनाउमा बे ओलांडून सँडी बीचच्या अलीकडं. जाणारा किनाऱ्याचा रस्ताच इतका देखणा आहे की भावाला सांगा घाई करू नको. ब्लोहोलच्या वर रस्त्याला लागून पार्किंग आहे आणि दगडी कठडा-रेलिंगचा पॉइंट. तिथनं खाली बघायचं. म्हणजे तुमच्या आईंना चालायचं जवळजवळ नाहीच, गाडीतनं उतरलं की समोर. हे फार सोयीचं आहे आणि म्हणूनच मी तुम्हाला माउईच्या नाकालेलेपेक्षा हालोनाच सुचवेन, नाकालेलेला रस्त्यापासून लाव्हाच्या ओबडधोबड दगडांवरनं खाली उतरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाचं काम नाही.

रेलिंगपासनं काय दिसेल? चांगला दिवस असला तर तीस फुटांपर्यंत फवारा. साधा दिवस असला तर दोन-पाच फुटांचं फुस्स. हे आधीच सांगतो कारण लोक व्हिडिओ बघून जातात, दहा मिनिटं थांबतात आणि म्हणतात हॅ, एवढंच? व्हिडिओवाला दीड तास थांबून त्यातले वीस सेकंद टाकतो हो. पण तिथं नुसतं भोकाकडं बघत बसू नका. मागं वळून रस्त्याच्या कडेला कापलेला डोंगर बघा, पिवळसर-तपकिरी, थरावर थर, भाकऱ्यांची चवड ठेवल्यासारखा. ती ज्वालामुखीची राख आहे, स्फोटांनी उडून पडलेली आणि मग घट्ट झालेली. हा भाग ओआहूच्या शेवटच्या उद्रेकांचा, दहा लाख वर्षांच्या आतला. आपला पन्हाळा-जोतिबाचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे तुम्ही पन्हाळ्यावरनं निघून हालोनाला गेलात की आजोबांच्या घरनं तान्ह्या बाळाच्या बारशाला गेल्यासारखं आहे. हवा स्वच्छ असेल तर समोर समुद्रापलीकडं मोलोकाई बेट दिसतं. देवमासे मात्र मे महिन्यात दिसायचे नाहीत, हम्पबॅक येतात ते साधारण डिसेंबर ते एप्रिल, तोवर परतलेले असतात. कासवं दिसू शकतात खाली पाण्यात, पोराला ते काम लावा, कासव शोध म्हणून, म्हणजे तो रेलिंगवर चढायचा नाही.

ब्लोहोलच्या उजव्या अंगाला खाली एक छोटीशी चिमुकली पुळण आहे, हालोना कोव्ह, खडकांच्या मध्ये. वरनं फार मोहक दिसते आणि पोरं-पोरी खाली उतरतात, खडकावरनं उड्या मारतात. तुम्ही उतरू नका. आणि पुढचा सँडी बीच बघून पोरगं म्हणेल इथं तरी पाण्यात जाऊ दे, तर तिथंही नाही, लाट तिथं अगदी काठावर येऊन उभ्यानं आपटते आणि माणसाला डोक्यावर वाळूत मारते, मानेच्या दुखापतीसाठी तो बीच बदनाम आहे. शांत पाण्यात पोहायला बेटाच्या इतर बाजूंना भरपूर जागा आहेत, भावाला ठाऊक असणार. आणखी एक, पार्किंगमध्ये गाडीत पर्स, कॅमेरा, पासपोर्ट काही ठेवू नका. फवारा बघायला सगळे पाठमोरे उभे असतात आणि मागं काचा फुटतात, तिथं हे चालतं.

कधी जायचं ह्यावर आता. आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे भरती-ओहोटी, कारण कोकणात पाणी खरंच खूप चढतं-उतरतं, मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती पावसाळ्यात आली की पेपरात बातमी येते. हवाईत तसं नाही, तिथं भरती-ओहोटीतला फरक मीटरभरसुद्धा नसतो. त्यामुळं तिथं भरतीची वेळ साधलीत तर बरंच, पण खरा फरक पडतो तो लाटांनी, म्हणजे स्वेलनं. स्वेल म्हणजे कुठंतरी हजारो किलोमीटर लांब झालेल्या वादळाच्या लाटा प्रवास करत आलेल्या. दोन गोष्टी बघायच्या, कुठल्या दिशेनं येतायत आणि दोन लाटांमध्ये किती सेकंद. सात-आठ सेकंदांची लाट म्हणजे वाऱ्यानं उठवलेली, फेसाळ, दम कमी. चौदा-पंधरा सेकंदांची लाट दिसायला बारकी असली तरी तिच्यामागं पाणी खूप, आत घुसली की हवा चांगली कोंडते. सर्फिंगच्या कुठल्याही ॲपवर हे आकडे फुकट मिळतात, भावाला म्हणा आदल्या रात्री बघून ठेव. हालोनाचं तोंड मोकळ्या समुद्राकडं आहे आणि तिथं ईशान्येकडनं येणारे व्यापारी वारे जोरात असले की काम होतं, उन्हाळ्यात ते बऱ्यापैकी नियमित असतात. वारा इतका की टोपी उडाली पाहिजे, असा दिवस पकडा, आणि त्यातनं भरतीची वेळ. हवामान खात्यानं हाय सर्फचा, म्हणजे उंच लाटांचा, इशारा दिला असेल तर वरच्या रेलिंगपासनंच, आणि पोराचा हात धरून.

दिशेचा मुद्दा किती खरा आहे ह्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं कियामा. सिडनीच्या दक्षिणेला, तिथंही जुना लाव्हाच आहे, आणि जॉर्ज बास नावाच्या दर्यावर्दीनं १७९७ च्या डिसेंबरात तो ब्लोहोल बघून नोंद केली. तिथला मोठा ब्लोहोल आग्नेयेकडनं लाटा आल्या की उडतो. आणि त्याच गावात थोड्या अंतरावर एक धाकटा ब्लोहोल आहे, तो ईशान्येच्या लाटांवर चालतो. म्हणजे एक झोपलाय तेव्हा दुसरा जागा. लोक मोठ्यापाशी तासभर ताटकळून परत जातात आणि धाकटा तिकडं एकटाच उडत असतो.

वेळ असेल आणि भाऊ हवाईतल्याच कवाई बेटावर नेणार असेल तर तिथला स्पाउटिंग हॉर्न बघा, पोइपूजवळ. तोही वरच्या पॉइंटवरनं आरामात दिसतो, आणि त्याच्या शेजारी दुसरं एक भोक आहे ज्यातनं नुसती हवा येते, कण्हल्यासारखा आवाज. तिथली जुनी गोष्ट अशी की एक प्रचंड घोरपडीसारखं जनावर, त्याला ते मोओ म्हणतात, एका पोराच्या मागं लागून त्या लाव्हाच्या नळीत घुसलं आणि अडकलं, ते अजून आत ओरडतंय. पण मला त्याहून भारी वाटली ती दुसरी, खरी घडलेली. त्याच्या जवळच आणखी एक ब्लोहोल होता, कुकुइउला नावाचा, ह्याच्यापेक्षा कितीतरी उंच उडायचा. बाजूला ऊस होता. खारे तुषार वाऱ्यानं फडावर जायचे आणि ऊस जळायचा, तर १९२० च्या दशकात मळेवाल्यांनी तो ब्लोहोल सुरुंग लावून उडवून टाकला. हे ऐकून मी मोठ्यानं हसलो, बरोबरच्या लोकांना कळेना का हसतोय. आपल्याकडचा माणूस असता तर काय वेगळं केलं असतं सांगा. ऊसाच्या आड आलं की गेलं.

ऊसावरनं मॉरिशस. हवाई लांब आणि खर्चिक, सगळ्यांना जमायचं नाही, पण मॉरिशसला आपल्याकडनं भरपूर जातात, हनिमूनला तर हमखास. ते बेटही ज्वालामुखीचंच, आणि आग्नेय किनाऱ्यावर ले सुफ्लर नावाचा ब्लोहोल आहे, नावाचा अर्थच फुंकणारा. बहुतेक किनाऱ्याला प्रवाळाची भिंत आहे म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं शांत, पण दक्षिणेकडं काही ठिकाणी ती भिंत तुटलीय आणि समुद्र सरळ काळ्या कड्यावर येतो, तिथली ही गंमत. जायचा रस्ता ऊसाच्या फडांमधनं, कच्चा, खड्ड्यांचा, दोन्ही बाजूला ऊस डोक्याच्या वर, मी गाडीत डोळे मिटले असते तर शिरोळ तालुक्यात आहे असंच वाटलं असतं. पूर्वी खूप उंच उडायचा म्हणतात, झीज होत होत आता तेवढा राहिला नाही, भोक मोठं झालं की हवा कोंडत नाही ना. रेलिंग-बिलिंग नव्हतं काही मी गेलो तेव्हा, त्यामुळं वरचं खळग्याचं आणि शेवाळाचं जे सांगितलं ते इथं तंतोतंत वापरा. आमचा ड्रायव्हर चार पिढ्यांपूर्वी आपल्याकडनं ऊसाच्या कामाला गेलेल्या मराठी घरातला निघाला. त्याचं मराठी दहा-बारा शब्दांचं, पण त्यात मोदक होता. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

आणि बालीचं वॉटर ब्लो, जे हल्ली सगळ्यांच्या रीलमध्ये असतं, ते ज्वालामुखीच्या दगडातलं नाही. एका टूरवाल्यानं आमच्या ओळखीच्या मंडळींना ते लाव्हाचं म्हणून दाखवलं होतं. बालीत ज्वालामुखी आहेत, पण तो दक्षिणेचा नुसा दुआचा भाग चुनखडीचा आहे. फवारा छान उडतो, त्याला नावं ठेवत नाही, पण दगड वेगळा. सामोआमध्ये मात्र अस्सल लाव्हातले आहेत, सवाई बेटावर तागा गावात, आणि तिथली गावकरी माणसं लाटेचा अंदाज घेऊन भोकात नारळ टाकतात आणि तो नारळ आभाळात उडतो. ते लोक जन्मभर त्या खडकावर वावरलेत म्हणून त्यांना जमतं. तुम्ही नारळ घेऊन जाऊ नका.

आता कोकण. आहे, आणि हवाईला जायच्या आधीच जाऊन या, कारण तिथं जे चार हातांवरनं समजेल ते हालोनाला रेलिंगवरनं समजणार नाही. गुहागर तालुक्यात हेदवी. दशभुज गणपतीचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं, पण खाली समुद्रावर उमामहेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्या बाजूच्या काळ्या खडकात बामणघळ. घळ म्हणजे भेगच, लांब, अरुंद, वरनं बघितलं तर वाटतं उडी मारून पलीकडं जाऊ, आणि तसं वाटतं तिथंच घोटाळा आहे. भरतीला लाट तोंडातनं आत शिरते, भिंती जवळ जवळ येत जातात, पाण्याला पसरायला जागा नाही, शेवटी आपटून ते सरळ वर. त्याला छप्पर नाही म्हणून पुस्तकी व्याख्येत तो ब्लोहोल नाही, पण छप्पर काढून ठेवलेला ब्लोहोल म्हणा, उलट आत काय चालतं ते सगळं उघडं दिसतं. एक ब्राह्मण त्यात पडून गेला म्हणून हे नाव पडलं असं गावात सांगतात. हवाईत घोरपड, इथं बामण.

जायचं कसं तर कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत रत्नागिरी, तिथनं जयगड, आणि जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडं तवसाळ, पुढं हेदवी जवळच. फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. फेरी नको असेल तर कऱ्हाडवरनं कुंभार्ली घाटातनं चिपळूण, गुहागर असं उतरा. एक मुक्काम धरूनच चला.

वेळ साधायची तर इथं मात्र भरतीच बघायची. आपल्याकडं जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, जे येईल साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाला. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास, रत्नागिरीकडं जरा आधीच. रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. आणि अमावस्या-पौर्णिमेची भरती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं. तेव्हा अष्टमीला हेदवीला जाऊन काही दिसलं नाही म्हणून तक्रार करू नका, पौर्णिमेच्या आगंमागं जा, भरतीच्या तासभर आधी पोहोचा. फोनवर भरतीचं ॲप असतंच, पण कॅलेंडर भिंतीवर असताना ॲप कशाला. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, उधाणालाही कधीकधी नुसती खळखळ. पाऊस संपत आला की, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उघडीप असते आणि समुद्रात अजून दम असतो, ते सगळ्यात छान. तुम्ही मे म्हणताय तर एप्रिलच्या पौर्णिमेला जाऊन या. जून-जुलैत जाऊ नका, त्या दिवसांत तिथं काठावर उभं राहणं म्हणजे जीव सांडायचं काम. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते निघण्याआधी बघत जा.

हेदवीला पायात चप्पल नको, रबरी तळाचे बूट. जागा खडकावरच्या खुणा बघूनच धरायची, आणि घळीच्या काठापासनं निदान माणूसभर लांबी तरी सोडून बसायचं, उभं नाही, बसायचं. समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, कितीही बायकोनं सांगितलं तरी. आणि कोणी पडलंच तर मागनं उडी मारायची नाही, तिथं एकाचे दोन होतात. तरंगणारं काहीतरी फेकायचं, रिकामा पाण्याचा कॅन झाकण लावून, दोर असेल तर दोर, आणि ११२ ला फोन. हवाईत ९११.

फोन-कॅमेऱ्याचं एवढंच की खारे तुषार वाऱ्यावर बरेच लांब येतात, रेलिंगपर्यंतसुद्धा. चष्म्यावर-लेन्सवर आले की शर्टाच्या टोकानं पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यानं ओलं फडकं, मग कोरडं. मी तो वाहून गेलेल्यानंतरचा दुसरा चष्मा असाच पुसून पुसून आंधळा केला.

तुमच्या आईंबद्दल शेवटचं. हालोनाला मी गेलो तेव्हा आमच्या गटात एक सत्तरीच्या बाई होत्या, इचलकरंजीच्या, त्यांनी घरनं घडीची खुर्ची आणली होती, विमानातनं, सगळे हसले होते. बाकीचे आम्ही पंधरा मिनिटांत फोटो काढून बसमध्ये जाऊन बसलो. त्या खुर्ची टाकून कठड्यापाशी बसून राहिल्या, बोटांच्या पेरांवर लाटा मोजत. त्या दिवशी जो एकमेव मोठा फवारा उडाला तो आम्हाला बसच्या खिडकीतनं अर्धा दिसला आणि त्यांना पूर्ण. भावाला विचारा त्याच्याकडं खुर्ची आहे का.